पिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर : शरीराची आणि मनाची काळजी

आपल्याकडे बायकांच्या आजारपणाची चर्चा चुलीपुढे होते, बैठकीत होत नाही. त्यातही "तिची पिशवी काढली" हे तर आवाज खाली करूनच सांगितले जाते. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा धानपट्टा असो, वैनगंगेपलीकडील आरमोरी, धानोरा, चामोर्शी असो, की चंद्रपूर शहरातील कामगार वस्त्या असोत, आमच्या पाहण्यातल्या बहुतेक नात्यागोत्यांत एखादी तरी आई, मावशी किंवा वहिनी अशी आहे की जिच्यावर ही शस्त्रक्रिया झालेली आहे. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, पाहुणे भेटून जातात आणि घरच्यांना वाटते की आजार गेला. त्यानंतरचे महिने आणि वर्षे मात्र ती बाई एकटीच काढते. अंगाची आग का होते, झोप का लागत नाही, विनाकारण रडू का येते, हे तिला कोणी सांगितलेले नसते आणि विचारायची तिला लाज वाटते.

आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करतो, चाळिशी ओलांडली आहे आणि ही शस्त्रक्रिया आमच्याही वाट्याला आलेली आहे. आमच्यासारख्याच काही मैत्रिणी व शेजारणी यांच्याशी बोलून, डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते येथे मांडत आहोत. हा लेख बायकांचा आहे असे समजून पुरुष सभासदांनी पान उलटू नये. विद्यार्थ्यांनी तर तो अवश्य वाचावा. त्यांच्याकडे एक विशेष काम सोपवायचे आहे, ते पुढे येईलच.

नेमके काय काढले?

गर्भाशय म्हणजे मुठीत मावणारा, स्नायूंचा बनलेला अवयव. गाठी नसतील तर त्याचे वजन शंभर ग्रॅमहून कमीच भरते. त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराची दोन अंडाशये असतात. मूल वाढवणे हे गर्भाशयाचे काम. स्त्रीबीज तयार करणे आणि इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके रक्तात सोडणे हे अंडाशयांचे काम. ही संप्रेरके केवळ पाळीपुरती नसतात. हाडे, हृदय, रक्तवाहिन्या, त्वचा, झोप आणि मनाची स्थिरता या सर्वांना त्यांचा आधार असतो.

आता फरक लक्षात घ्यावा. केवळ गर्भाशय काढले तर पाळी कायमची थांबते, मूल होणे थांबते, पण अंडाशये आपले काम चालू ठेवतात. अशा बाईची रजोनिवृत्ती पुढे वयानुसार येते, कदाचित काही वर्षे लवकर येते. एकच अंडाशय काढले तर दुसरे बहुधा काम निभावून नेते. पण गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली तर संप्रेरकांचा मुख्य झराच बंद होतो. भारतीय स्त्रीला नैसर्गिक रजोनिवृत्ती साधारणपणे पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान, चार-पाच वर्षांत हळूहळू येते. शस्त्रक्रियेने आलेली रजोनिवृत्ती दोन-चार दिवसांत येऊन उभी राहते. बाई पस्तीस वर्षांची असेल तर तिचे शरीर एका आठवड्यात दहा-पंधरा वर्षे पुढे ढकलले जाते.

म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक भगिनीला एका प्रश्नाचे उत्तर माहीत असलेच पाहिजे : "माझी अंडाशये ठेवली की काढली?" पुढची सारी काळजी या उत्तरावर ठरते. आमच्या बोलण्यात आलेल्या बहुतेक जणींना हे उत्तर ठाऊक नव्हते. "पिशवी काढली" एवढेच त्यांना सांगण्यात आले होते.

आपल्या भागातील पार्श्वभूमी

स्त्रियांच्या मुक्या दुखण्याची जगाला पहिली ठळक ओळख आपल्याच भागातून झाली, हे विद्यार्थ्यांना माहीत असावे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी सहकाऱ्यांसह गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. म्हणजे दुखणे घरोघरी होते आणि त्यावर इलाज मात्र कोठेच नव्हता.

दुखणे असे वर्षानुवर्षे अंगावर काढले की शेवटी बाई थकते. अंगावरून पांढरे जाते, पाळीत फार रक्त जाते, कंबर दुखते. मग कोणीतरी म्हणते, "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?" कर्करोगाची भीतीही घातली जाते. वास्तविक पांढरे जाणे हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने होते व औषधाने बरे होते. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, संप्रेरक असलेली तांबीसारखी साधने आहेत, नुसत्या गाठी काढण्याची सोय आहे. हे उपाय आधी करून पाहायचे असतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पिशवी काढल्याबाबत प्रश्न विचारले गेले. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांची पिशवी काढलेली होती आणि त्या वेळचे त्यांचे मधले वय ३४ वर्षांच्या आसपास होते. सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. आपल्या राज्यात २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम चुकले तर मजुरी बुडते, हे त्यामागचे एक कारण होते. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. एप्रिल २०२३ मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले.

याचा अर्थ प्रत्येक शस्त्रक्रिया चुकीची असते असा नव्हे. कर्करोग, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव, फार मोठ्या गाठी, अंग पूर्ण बाहेर येणे, बाळंतपणात जिवावर बेतलेला रक्तस्राव अशा वेळी हीच शस्त्रक्रिया जीव वाचवते. ज्यांची झाली आहे त्यांनी "का केली" म्हणून स्वतःला कोसत बसू नये. ज्यांना सांगितली आहे त्यांनी मात्र दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि विचारावे : दुसरा उपाय करून झाला काय? अंडाशये ठेवणार की काढणार? काढणार असाल तर का? अमेरिकेतील २९ हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात २००९ साली असे दिसून आले, की अंडाशये काढल्याने अंडाशयाच्या व स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण घटते, पण हृदयविकाराचे व एकूण मृत्यूंचे प्रमाण वाढते. तेव्हा "काढतोच आहोत तर तीही काढून टाकू" हे म्हणणे तपासून घ्यावे.

आणखी एक सूचना आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. विदर्भात आदिवासी समाजांत आणि आपल्याही समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याचे १९५० च्या दशकापासून नोंदले गेले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताचे प्रमाण आणि सिकलसेल या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. सिकलसेलचा आजार असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळले पाहिजे.

पहिले दोन महिने

आमच्या काउंटरवर सोनेतारण कर्जाचा अर्ज भरताना कारण विचारले की "घरच्या बाईचं ऑपरेशन" हे उत्तर वारंवार ऐकू येते. डोरले, एकदाणी तारण ठेवून शस्त्रक्रियेचा खर्च उभा केला जातो. त्यात दवाखाना, औषधे, जाणे-येणे सारे धरलेले असते. पुढचे दोन महिने ती बाई कामावर जाणार नाही, ही तूट मात्र कोणी धरलेली नसते. मग पंधराव्या दिवशी ती बांधीत वाकून रोवणी करताना दिसते. आम्हा नोकरदारांना आजारपणाची पगारी रजा मिळते, मजूर बाईला ती नाही. म्हणून शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर हंगाम पाहून ठरवावी. धानाची मळणी आटोपल्यावर मोहफुले पडू लागेपर्यंत दीड-दोन महिने मिळतात. कर्करोग किंवा अतिरक्तस्राव असेल तर अर्थातच थांबू नये.

पोटावर छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आतली जखम भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीने किंवा खालच्या मार्गाने केली असेल तर काही आठवडे कमी लागतात. बाहेरचे टाके सुकले म्हणजे आतले भरले असे नव्हे. या काळात चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. पाण्याने भरलेला गुंड दहा-पंधरा किलोंचा असतो आणि सरपणाची मोळी त्याहून जड. तेव्हा पाणी, सरपण, धान्याची पोती आणि कडेवरचे मूल ही कामे घरातील दुसऱ्या माणसाचीच होत.

नुसते पडून राहणेही चांगले नाही. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर चालायला सांगतात, ते पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. घरातल्या घरात, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत असे चालणे वाढवावे. खोकताना, शिंकताना पोटावर उशी दाबून धरावी. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. "भाताने टाक्यांत पू होतो", "पाणी जास्त पिऊ नये", "पालेभाजी बाधते" अशा समजुतींत तथ्य नाही. उलट पाणी कमी प्यायल्याने मलावरोध होतो आणि कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. भात, वरण, अंडी, पालेभाजी, फळे असे पूर्ण जेवण घ्यावे. आधीच्या रक्तस्रावाने रक्त कमी झालेले असते, म्हणून लोहाच्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात.

काही आठवडे थोडा लालसर किंवा तपकिरी स्राव जाणे नेहमीचे आहे. परंतु ताप येणे, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात कपडा भिजेल इतके रक्त, टाक्यांतून पू, एका पायाच्या पोटरीला सूज व वेदना, छातीत दुखणे, धाप लागणे, लघवी अडणे किंवा नकळत सतत गळत राहणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरज पडल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. अशा गावच्या भगिनींनी पहिले पंधरा दिवस दवाखान्याच्या जवळपास नातेवाइकांकडे राहावे हे बरे.

अंगातून निघणाऱ्या वाफा

अंडाशये काढलेल्या बाईला पहिल्या आठवड्यातच एक विलक्षण अनुभव येतो. छातीतून एकदम वाफ उठते, मान व चेहरा तापतो, घाम फुटतो, छाती धडधडते आणि काही मिनिटांनी थंडी वाजते. रात्री अंथरूण भिजते. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा सत्तेचाळीस अंशांवर जातो, तिथे घरची माणसे म्हणतात, "उन्हाळा सगळ्यांनाच आहे." पण हा उन्हाळा आतला आहे. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र असते. इस्ट्रोजेन एकाएकी घटल्याने ते नको इतके हळवे बनते आणि किंचित उष्णता वाढली तरी घाम काढू लागते. यात ताप नसतो आणि बाईचे सोंगही नसते.

याबरोबर झोपमोड, सांधेदुखी, विसरभोळेपणा, योनीमार्गाचा कोरडेपणा, लघवीची वारंवार जळजळ हीही लक्षणे येतात. सुती व सैल कपडे, उशाशी ओला रुमाल, माठाचे पाणी, रात्री हलके जेवण आणि कडक चहा कमी करणे याने थोडा आराम पडतो. खर्रा, नस व तंबाखू बंदच करावी. त्याने हाडे आणि हृदय दोन्हींचे नुकसान होते.

त्रास फार असेल तर त्यावर औषध आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नसते. शरीरात कमी पडलेले इस्ट्रोजेन गोळी, मलम किंवा चिकटपट्टीच्या रूपाने देता येते. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढली गेली असतील, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हे उपचार घ्यावेत असा वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण सल्ला आहे. केवळ वाफांसाठी नव्हे, तर हाडे आणि हृदय यांच्या रक्षणासाठीही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा भाग २००२ साली थांबवला गेला, तेव्हापासून या उपचाराने स्तनाचा कर्करोग होतो अशी भीती पसरली. पण तो भाग दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्या, बहुतांशी पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचा होता. पिशवी काढलेल्या बाईला सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते आणि त्याच अभ्यासात एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाची वाढ दिसली नाही. तथापि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असणे, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार, सिकलसेलचा आजार अशा स्थितीत हे औषध टाळावे लागते किंवा फार जपून द्यावे लागते. म्हणून ते स्वतः मेडिकलमधून आणून घेऊ नये. स्त्रीरोगतज्ज्ञांना जाऊन स्पष्ट विचारावे. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत.

हाडांची ठेव

आम्ही बँकेतली माणसे, म्हणून बँकेच्या भाषेत सांगतो. हाडांत कॅल्शियमची ठेव साधारण तिशीपर्यंत जमा होत असते, पुढे ती हळूहळू काढली जाते. इस्ट्रोजेन ही त्या ठेवीवरची राखण आहे. राखण गेली की पहिल्या काही वर्षांतच ठेव झपाट्याने उतरते. बाहेरून काही दिसत नाही. मग साठीच्या आत एखाद्या दिवशी अंगणात पाय घसरतो आणि मनगट किंवा खुबा मोडतो.

ही घसरण कमी करण्याचे उपाय महाग नाहीत. दूध, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याची पाने, काट्यासकट खाल्ले जाणारे लहान मासे यांतून कॅल्शियम मिळते. वरण आणि अंडी यांतून प्रथिने मिळतात. थोडे ऊन अंगावर घ्यावे. दोन महिने पूर्ण झाल्यावर रोज अर्धा तास भराभर चालावे, कारण हाडांवर भार पडला तरच ती मजबूत राहतात. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या आमच्यासारख्यांना हे अधिक लागू आहे. कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि हाडांच्या घनतेची तपासणी याबद्दल डॉक्टरांना विचारावे. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर व चरबी तपासून घ्यावी. लघवी धरताना आपण जे स्नायू आवळतो ते दिवसातून तीन वेळा, दहा-दहादा आवळून सैल सोडावेत. त्याने खोकताना लघवी सुटण्याचा त्रास कमी होतो.

मनाचे काय?

शस्त्रक्रियेनंतर मन का बिघडते याची तीन वेगवेगळी कारणे आहेत. पहिले संप्रेरकांचे. इस्ट्रोजेन एकाएकी घटल्याने चिडचिड, बेचैनी, रडू येणे हे होतेच. दुसरे थकव्याचे. रात्र रात्र झोप नाही, अंगात रक्त नाही, आणि काम तर डोक्यावर उभे. तिसरे कारण मनातले. पिशवी गेली म्हणजे आपण बाई उरलो नाही, आतून रिकाम्या झालो, नवरा दुसरीकडे पाहील, अशी भीती. चार मुलांची आई असली तरी हे वाटते आणि पाळीच्या त्रासाला कंटाळलेली असली तरीही वाटते. मूल होण्याआधीच जिची पिशवी काढावी लागली तिचे दुःख तर शब्दांपलीकडचे आहे.

याला काही जण वेड म्हणतात. काही जण बाहेरची बाधा म्हणून पुजाऱ्याकडे नेतात. हे दोन्ही नाही. "आतून रिकामी" हेही शरीरशास्त्राला धरून नाही. मुठीएवढी जागा मोकळी होते आणि आतडी ती लगेच व्यापतात. पोटात कोठे पोकळी राहत नाही. बाईपण ही काही त्या शंभर ग्रॅमांत साठवलेली वस्तू नाही. ती घर चालवते, शेत कसते, संघटनेत बोलते, मुलांना शिकवते, ते सारे शस्त्रक्रियेच्या आधी होते आणि नंतरही आहे.

आम्हाला स्वतःला सर्वांत जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या बाईशी बोलण्याचा. "मलाही असंच होत होतं" हे एक वाक्य ऐकले तरी अर्धे ओझे उतरते. मनात दुःख असेल तर रडून घ्यावे, "असं काय झालंय रडायला" असे कोणी म्हणू नये. तथापि दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप सुटली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर त्याला आजार मानून डॉक्टरांकडे जावे. १४४१६ हा 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक २०२२ पासून सुरू असून त्यावर मोफत बोलता येते. जीव देण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्या बाईला एकटे सोडू नये.

पती-पत्नीने समजून घ्यावयाचे

हा विषय टाळला तर लेख अपुरा राहील. योनीमार्ग शस्त्रक्रियेत काढला जात नाही, त्याचे वरचे टोक शिवून बंद केले जाते. ते पूर्ण भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत शरीरसंबंध ठेवू नये. त्यानंतर संबंधास हरकत नसते. अंडाशये काढलेल्या बाईला कोरडेपणामुळे वेदना होतात, इच्छाही कमी होते. यात तिचे प्रेम आटलेले नसते. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारे वंगण मिळते आणि योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम डॉक्टर देतात. पतीने घाई करू नये, विचारावे, थांबावे. पुष्कळ घरांत दुरावा येतो तो शस्त्रक्रियेमुळे कमी आणि न बोलल्यामुळे जास्त.

विद्यार्थ्यांकडे एक काम

दवाखान्यातून सुटी होताना जो कागद मिळतो तो इंग्रजीत असतो. घरी आल्यावर तो पिशवीत, मग पेटीत आणि मग पावसाळ्यात ओला होऊन केरात जातो. तोच कागद सर्वांत मोलाचा आहे. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आईचा, आजीचा, काकूचा कागद काढावा आणि वाचावा. 'हिस्टेरेक्टॉमी' म्हणजे गर्भाशय काढले. त्यापुढे 'बी.एस.ओ.' किंवा 'बायलॅटरल सॅल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी' असे लिहिले असेल तर दोन्ही अंडाशये व गर्भनलिका काढल्या. 'युनिलॅटरल' असेल तर एकाच बाजूचे काढले. 'सबटोटल' असेल तर गर्भाशयाचे मुख ठेवले आहे आणि त्या मुखाची कर्करोगासाठी तपासणी पुढेही करीत राहावी लागते. काढलेला भाग तपासणीस पाठवला असेल तर त्याचा अहवाल मागून घ्यावा. या सर्व कागदांच्या दोन प्रती काढून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात. कागद हरवला असेल तर त्याच दवाखान्यात अर्ज करून प्रत मागावी. आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा रुग्णाला हक्क आहे.

मंडळांनी काय करावे

महिला मंडळांना आणि सभासदांना आमच्या साध्या सूचना आहेत. वस्तीत एखाद्या भगिनीची शस्त्रक्रिया ठरली की तिच्याबरोबर एक जाणती बाई आणि कागद वाचणारा एक विद्यार्थी डॉक्टरांकडे जावा. बचत गटांनी अशा भगिनीला कर्ज देताना दवाखान्याच्या खर्चात दोन महिन्यांच्या मजुरीची रक्कमही धरावी आणि पहिला हप्ता दोन महिन्यांनी ठेवावा. शेजारणींनी पाणी भरण्याची पाळी लावून घ्यावी. घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी स्वयंपाक, कपडे, सरपण दोन महिने स्वतः करावे, यात उपकार काही नाही. आणि वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलावून बायकांना मोकळेपणाने प्रश्न विचारता येतील अशी बैठक घ्यावी.

यातील एकाही सूचनेला मोठा निधी लागत नाही. घरातल्या बाईला "आता बरं आहे ना?" असे विचारून उत्तर ऐकण्याआधी उठून जाण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती मात्र सोडावी लागेल. आज संध्याकाळी घरी गेल्यावर तो कागद शोधा, आईजवळ बसून मोठ्याने वाचा आणि तिला विचारा की रात्री झोप लागते काय.